पापणी किती वेळात मिटते?



‘डोळ्याचे पाते लवते न लवते तोच’ हा वाक्प्रचार आपण नेहमी वापरतो. मांजराने दुधात तोंड घातले, पतंग कटला, यष्टी उडाली, की हे शब्द हमखास तोंडी येतात. आपल्या पूर्वजांनी तर पापणी लवण्याला काळाचे मापच बनवले. ‘निमिष’ म्हणजे पापणीची एक उघडझाप. देवांची पापणी लवत नाही अशी कल्पना असल्याने त्यांना ‘अनिमिष’ म्हणतात. नलाचे रूप घेऊन स्वयंवराला आलेले देव दमयंतीने ज्या खुणांवरून ओळखले, त्यांतली एक खूण हीच होती. बहुतेक माशांना हलणाऱ्या पापण्या नसतात, म्हणून मासाही अनिमिषच.

पण निमिष म्हणजे नेमका किती वेळ? आणि डोळ्याचे रक्षण करायला तेवढा वेळ पुरतो का?

हा दुसरा प्रश्न पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या मुलामुलींना अगदी जवळचा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरातील कोणी ना कोणी लेथवर, ग्राइंडरवर, वेल्डिंगवर किंवा जुळणीच्या कामावर जात असेल. भोसरीच्या एखाद्या शेडपुढून जाताना ग्राइंडरमधून उडणारे ठिणग्यांचे कारंजे तुम्ही पाहिले असेल. दिसायला ते दिवाळीच्या भुईनळ्यासारखे असते. पण त्यातील प्रत्येक ठिणगी म्हणजे तापून लाल झालेला पोलादाचा कण असतो. असा एखादा कण डोळ्याच्या दिशेने निघाला, तर पापणी त्याला वेळेवर अडवील का? आज आपण या प्रश्नाचे उत्तर घड्याळ आणि साधे गणित यांच्या मदतीने शोधू.

दोन स्नायूंची ओढाताण

वरच्या पापणीवर दोन स्नायू काम करतात. एक स्नायू पापणी वर उचलून धरतो. दुसरा डोळ्याभोवती कड्यासारखा पसरलेला असतो. तो आकसला की डोळा मिटतो. आपल्याला वाटते, की डोळा उघडा असणे ही विश्रांतीची अवस्था आणि मिटणे हे काम. खरे तर उलट आहे. आपण जागे असतो तोवर उचलणारा स्नायू सारखा काम करत असतो. दुकानाचे लोखंडी शटर कुणी हाताने वर धरून ठेवावे, तसे.

पापणी मिटायची वेळ आली, की मेंदू आधी उचलणाऱ्या स्नायूला ‘सोड’ असा आदेश देतो आणि लगोलग कड्यासारख्या स्नायूला ‘ओढ’ म्हणून सांगतो. वर ताणलेली पापणी सुटताच स्वतःच्या ताणामुळेही खाली येऊ लागते. म्हणून पापणी मिटते झपकन आणि उघडते त्या मानाने सावकाश. मिटायला सुमारे ८० ते १०० मिलीसेकंद लागतात. मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मिटून पुन्हा पूर्ण उघडेपर्यंत साधारण ३०० मिलीसेकंद जातात. आपल्या निमिषाचे माप हे असे, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

निरोप जातो कोठून?

डोळ्याच्या बुबुळापुढे जो पारदर्शक पडदा असतो त्याला पारपटल म्हणतात. डॉक्टर त्यालाच कॉर्निया म्हणतात. त्याची मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. पण चेतातंतूंची टोके तेथे इतकी दाट असतात, की त्वचेशी तुलना केली तर ती कित्येक शेपट भरतील. म्हणूनच हातावर बसलेला धुळीचा कण आपल्याला कळतही नाही, आणि तोच डोळ्यात गेला की आपण बेजार होतो.

मेंदूतून चेतांच्या १२ जोड्या निघतात. त्यांपैकी पाचवी जोडी चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेते. पारपटल, पापणी, पापणीचे केस आणि कपाळ यांना झालेल्या स्पर्शाची खबर याच चेतेतून जाते. ती पोहोचते मस्तिष्कस्तंभात. मज्जारज्जू वर जाऊन मेंदूला मिळतो तेथे जो दांड्यासारखा भाग आहे, तो मस्तिष्कस्तंभ. तेथील चेतापेशी खबर पुढच्या पेशींकडे सोपवतात, आणि सातव्या चेतेतून ‘मिटा’ हा आदेश पापणीच्या स्नायूकडे जातो.

यात विचार करणारा मोठा मेंदू, म्हणजे प्रमस्तिष्क, मध्ये येत नाही. गावात आग लागली तर पाटलाने तालुक्याला अर्ज पाठवून मंजुरीची वाट पाहायची नसते. जवळच्या विहिरीवरून पाणी आणायचे असते. मस्तिष्कस्तंभ हेच करतो. प्रमस्तिष्काला बातमी मिळते, पण पापणी मिटण्याचा आदेश निघून गेल्यावर. अशा क्रियेला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

१९५२ साली स्वीडनमधील कुगेलबर्ग या वैद्याने कपाळाच्या चेतेला चेतना देऊन पापणीच्या स्नायूतील विजेचे स्पंद नोंदले. त्याला एकाच ठोक्याला दोन उत्तरे मिळाली. पहिले सुमारे १० मिलीसेकंदांत येते. ते फक्त ठोका बसलेल्या बाजूला येते आणि इतके लहान असते, की पापणी मिटताना दिसतही नाही. दुसरे सुमारे ३० मिलीसेकंदांनी, दोन्ही डोळ्यांत एकदमच येते. पापणी खरोखर मिटते ती या दुसऱ्या उत्तरामुळे.

पहिल्या उत्तराचे १० मिलीसेकंद कशात खर्च होतात, ते पाहा. कपाळापासून मस्तिष्कस्तंभापर्यंत आणि तेथून परत पापणीपर्यंतचा रस्ता सुमारे २५ सेंटीमीटरचा धरू. या जाड तंतूंतून निरोप सेकंदाला सुमारे ५० मीटर धावतो. म्हणजे रस्त्यात गेले

०.२५ ÷ ५० = ०.००५ सेकंद = ५ मिलीसेकंद.

उरलेले ५ मिलीसेकंद एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप सोपवण्यात आणि स्नायूला जागे करण्यात जातात. दुसरे उत्तर मस्तिष्कस्तंभातील अधिक पेशींतून फिरून येते, म्हणून त्याला जास्त वेळ लागतो. आणि पारपटलातील तंतू तर बारीक असतात. त्यांतून निरोप सावकाश जातो. त्यामुळे तेथल्या स्पर्शाचे उत्तर आणखी थोडे उशिरा येते.

तीन पहारेकरी

पापणीला सावध करणारे पहारेकरी तीन: स्पर्श, आवाज आणि दृष्टी. यांत सर्वांत चपळ कोण असेल? तुम्ही म्हणाल, दृष्टी. कारण प्रकाशाइतके वेगवान काहीच नाही.

येथेच गंमत आहे. प्रकाश डोळ्यापर्यंत क्षणात येतो हे खरे. पण दृष्टिपटलावर पडलेल्या प्रकाशाचे विद्युत संदेशात रूपांतर होण्यासाठी रासायनिक क्रियांची एक साखळी पार पडावी लागते, आणि तिला वेळ लागतो. कानाचे तसे नाही. तेथे सूक्ष्म केस हलले, की लगेच संदेश तयार होतो. अर्ध्या मीटरवरच्या आवाजाला कानापर्यंत यायला दीड मिलीसेकंद लागतो. तरीही मोठ्या आवाजाने डोळे मिटतात ते ३० ते ४० मिलीसेकंदांत, आणि प्रखर प्रकाशाने मिटायला सुरुवात व्हायला निदान ५० मिलीसेकंद जातात. प्रकाश जिंकतो, पण डोळा हरतो!

अंगावर येणाऱ्या वस्तूला पाहून पापणी मिटणे ही आणखी वेगळी गोष्ट आहे. येणारी वस्तू कोणती, ती कोणत्या दिशेने येते आहे, हे ओळखण्याच्या कामात प्रमस्तिष्काचा दृष्टीचा भागही लागतो. म्हणून नवजात बाळाच्या डोळ्यांपुढे हात नेला तर ते पापणी मिटत नाही. काही महिन्यांचे झाल्यावरच ते मिटू लागते. प्रखर उजेडाने मात्र ते अगदी सुरुवातीपासून डोळे मिटते.

करून पाहा

प्रयोग पहिला. मित्राच्या चेहऱ्यापुढे स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा कागद दोघांनी दोन बाजूंनी ताणून धरा. तिसऱ्याने दोन हातांवरून त्यावर कापसाचा बोळा फेकावा. बोळा आपल्याला लागणार नाही हे मित्राला पक्के ठाऊक आहे. त्याला ‘पापणी हलवू नकोस’ असे सांगा. पहिल्या काही फेकींना तरी त्याची पापणी मिटेलच. ‘ठाऊक असणे’ हे प्रमस्तिष्काचे काम आहे, आणि या शर्यतीत ते मागे पडते.

प्रयोग दुसरा. मित्राच्या मागे उभे राहा. तुमचा हात त्याला दिसणार नाही अशा बेताने त्याच्या दोन भुवयांच्या मधोमध बोटाने हलकेच टिचकी मारा. सेकंदाला एक या गतीने. पहिल्या चार-पाच टिचक्यांना त्याचे डोळे लवतील. मग लवणे कमी होईल आणि बहुधा थांबेल. मेंदूने ताडले, की या टिचकीत धोका नाही. यालाच सवय होणे म्हणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

प्रयोग तिसरा. मित्राला न सांगता, तो गप्पा मारत असताना एका मिनिटात त्याची पापणी किती वेळा लवते ते मोजा. मग तो वाचनात गढलेला असताना मोजा. मोठी माणसे साधारणतः मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी लववतात. वाचताना, मोबाइलकडे पाहताना हा आकडा बराच उतरतो. ही उघडझाप धोक्यामुळे होत नाही. पारपटलावर अश्रूंचा पातळ थर पसरवण्यासाठी मेंदू ती आपोआप चालू ठेवतो.

मिनिटाला १५ धरले, तर १६ तासांच्या जागेपणी १४,४०० वेळा पापणी लवते. प्रत्येक वेळी ३०० मिलीसेकंद धरले, तर एकूण ७२ मिनिटे होतात. म्हणजे रोज जागेपणी तासाहून अधिक वेळ आपली पापणी हलतच असते! मग जगात सारखा अंधार-उजेड का दिसत नाही? १९८० साली अमेरिकेतील व्होकमन, रिग्ज आणि मूर यांनी यासाठी एक नामी युक्ती केली. त्यांनी प्रकाश तोंडात नेऊन टाळूच्या बाजूने दृष्टिपटलावर पोहोचवला. त्यामुळे पापणी मिटली तरी आतला प्रकाश तेवढाच राहिला. तरीही पापणी लवत असताना त्या प्रकाशातील बारीक बदल माणसांना नीट कळले नाहीत. म्हणजे पापणी मिटण्याचा आदेश देताना मेंदू दृष्टीचीही धार तेवढ्यापुरती बोथट करतो, आणि म्हणून आपल्याला मधला अंधार जाणवत नाही.

शर्यत: ठिणगी आणि पापणी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टेबलावर बसवलेल्या ग्राइंडरचे चाक २०० मिलिमीटर व्यासाचे आणि मिनिटाला २,८०० फेरे घेणारे आहे असे समजू. चाकाचा परीघ

३.१४ × ०.२ = ०.६२८ मीटर.

सेकंदाला फेरे होतात २,८०० ÷ ६० = ४६.७. म्हणून कडेचा वेग

०.६२८ × ४६.७ = सेकंदाला सुमारे २९ मीटर.

तासाच्या हिशेबात हा वेग १०५ किलोमीटर होतो. चाकावरून सुटणारा कण जास्तीत जास्त जवळपास या वेगाने निघतो. कामगाराचा डोळा चाकापासून अर्ध्या मीटरवर असेल, तर कणाला पोहोचायला ०.५ ÷ २९, म्हणजे सुमारे १७ मिलीसेकंद लागतील. बारीक कणाला हवा अडवते, म्हणून उदारपणे दुप्पट वेळ देऊ: ३४ मिलीसेकंद.

पापणीचा हिशेब काय? कण दिसून आदेश सुटायला निदान ५० मिलीसेकंद, आणि पापणी मिटायला ८०. एकूण १३०. पापणी निम्मीही मिटलेली नसते, किंबहुना हललेलीही नसते, तोवर कण डोळ्यात पोहोचलेला असतो. हवेचा विरोध सोडून दिला, तर १३० मिलीसेकंदांत हा कण जवळजवळ पावणेचार मीटर जाईल. म्हणजे पापणीच्या भरवशावर राहायचे तर ग्राइंडर चालवणाऱ्याचे हात चार मीटर लांब हवेत!

हातात धरून चालवायचा छोटा ग्राइंडर तर आणखी वेगवान. त्याची १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते असे धरा. कडेचा वेग येतो सेकंदाला सुमारे ५८ मीटर, तासाला २०० किलोमीटरहून अधिक. अर्धा मीटर ओलांडायला त्याला ९ मिलीसेकंद पुरतात. कपाळावरच्या टिचकीला मिळणारे ते सर्वांत चपळ, १० मिलीसेकंदांचे उत्तरसुद्धा यापेक्षा मागे पडते.

यात पापणीचा दोष नाही. वाऱ्याने हललेली फांदी, बोट, गवताचे पाते, उडता किडा, धुळीचा लोट अशा धोक्यांसाठी ती घडत आली. फांदी किंवा बोट पापणीच्या केसांना टेकताच ती मिटू लागते. धुळीच्या लोटातला पहिला कण निसटला, तरी मागच्या शेकडो कणांना ती दार लावते. तासाला २०० किलोमीटर वेगाने येणारे पोलाद निसर्गात नव्हते. ते माणसाने निर्माण केले. तेव्हा त्यावरचा उपायही माणसानेच करायला हवा. कारखान्यातला संरक्षक चष्मा म्हणजे आधीच मिटून ठेवलेली पारदर्शक पापणी. तिला आदेशाची वाट पाहावी लागत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ३५ वे कलम खास डोळ्यांसाठीच घातले गेले. उडणाऱ्या कणांचा किंवा तीव्र प्रकाशाचा धोका असलेल्या कामांसाठी पडदे किंवा योग्य चष्मे पुरवणे सक्तीचे करण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारांना दिला. कलम लिहिणाऱ्यांनी आपले हे गणित केले असो वा नसो, निष्कर्ष तोच आहे.

सवय: मित्र की शत्रू?

जुने कामगार कधी कधी अभिमानाने सांगतात, ‘आता सवय झाली, ठोका पडला तरी डोळा लवत नाही.’ दुसरा प्रयोग आठवा. डोळा लवत नाही याचा अर्थ धोका संपला असा नाही. मेंदूने फक्त पहारेकऱ्याला ‘फार ओरडू नकोस’ असे सांगितले आहे. टिचकीच्या बाबतीत हा सल्ला योग्य ठरतो. पण हजार वेळा निरुपद्रवी ठरलेला ठोका एक हजार एकाव्या वेळी छिन्नीचा कपचा उडवू शकतो.

याच्या उलट मेंदू पापणीला नवे धडेही देतो. सशाला एक सूर ऐकवायचा आणि पाठोपाठ त्याच्या डोळ्यावर हवेची फुंकर सोडायची; असे पुष्कळदा केले, की ससा नुसता सूर ऐकूनच, फुंकर येण्याच्या ऐन वेळी पापणी मिटू लागतो. १९८४ साली मॅककॉर्मिक आणि थॉम्प्सन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हा धडा अनुमस्तिष्कात, म्हणजे डोक्याच्या मागील बाजूच्या लहान मेंदूत साठतो. तेथील एक लहानसा भाग निकामी केला, तर शिकलेली मिट नाहीशी होते. फुंकरीने होणारी मूळची मिट मात्र टिकून राहते. मूळ व्यवस्था मस्तिष्कस्तंभाची आणि शिकवणी अनुमस्तिष्काची, अशी ही कामाची वाटणी आहे.

ज्याची खबरच लागत नाही

पहारेकरी कितीही चपळ असला, तरी जे त्याला दिसत नाही त्यावर तो काय करणार? वेल्डिंगच्या ज्योतीतून दिसणाऱ्या प्रकाशाबरोबर अतिनील किरणही निघतात. ते पारपटलाला भाजतात, पण तेव्हा काहीच दुखत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही. रस्त्याच्या कडेला वेल्डिंग चालू असता थांबून बघत राहणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

पत्रे कापणाऱ्या पुष्कळ लेसर यंत्रांचा किरण अवरक्त असतो. तो दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. डोळ्याचे भिंग त्याला दृष्टिपटलावर एकवटते, आणि दृष्टिपटलाला वेदनाच कळत नाही. म्हणून अशी यंत्रे चारी बाजूंनी बंद ठेवतात. फळ्यावर खूण दाखवायच्या दिसणाऱ्या लेसरची गोष्ट निराळी. त्याची शक्ती एक मिलीवॅटपर्यंतच ठेवतात, कारण पाव सेकंदात माणूस पापणी मिटेल किंवा मान वळवील असे गृहीत धरलेले असते. म्हणून हट्टाने त्याकडे टक लावून पाहू नये.

कण आत गेलाच तर

पापणी शर्यत हरली, तरी तिचे काम संपत नाही. पाचव्या चेतेच्या खबरीवरून अश्रू वाहू लागतात आणि पापणीची उघडझाप वाढते. सैल कण असेल तर तो धुऊन जातो. अश्रूंत जंतूंना मारणारे लायसोझाइम नावाचे द्रव्यही असते. ते अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२१ साली शोधले. पुढे १९२८ साली पेनिसिलिन शोधून काढणारा तो हाच फ्लेमिंग. आणि तेच पेनिसिलिन बनवण्यासाठी १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. पिंपरीचे आणि अश्रूंचे असेही एक नाते आहे.

पण कण पारपटलात रुतला, किंवा वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला चिकटला, तर हीच उघडझाप घातक ठरते. पापणी प्रत्येक वेळी वर-खाली होते आणि कण पारपटलावर चरे पाडतो. लोखंडाचा कण रुतून राहिला, तर त्याचा गंज सभोवार उतरतो. तेव्हा डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. तरीही खुपत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. रुमालाचे टोक, काडेपेटीची काडी किंवा शेजारच्या मशीनवरच्या दोस्ताचे कौशल्य यांवर विसंबू नये.

हातोडा-छिन्नीने ठोकताना कपचा उडून डोळ्यावर बसला असेल, तर तो आत शिरलेला असू शकतो, मग दुखो वा न दुखो. अशा वेळी डोळा दाबू नये, धुऊही नये; वर काहीतरी टणक झाकण धरून थेट रुग्णालय गाठावे. आणखी एक. कण काढण्यापूर्वी डॉक्टर डोळा बधिर करण्याचे थेंब घालतात. बरे वाटते म्हणून ते थेंब घरी मागू नयेत. बधिर डोळ्याचा पहारेकरी झोपलेला असतो, आणि वारंवार वापराने पारपटलही खराब होते.

डॉक्टरांचे कापसाचे टोक

विजेच्या मंडलात बिघाड कोठे आहे हे आपण दिवा लावून शोधतो. डॉक्टर मेंदूच्या मंडलाची अशीच तपासणी कापसाच्या बारीक टोकाने पारपटलाला स्पर्श करून करतात. तुम्ही मात्र ती कधीही करून पाहू नका, कागदावरच सोडवा. निरोगी माणसात कोणत्याही डोळ्याला स्पर्श केला, तरी दोन्ही पापण्या मिटतात. एका रोग्याच्या उजव्या डोळ्याला स्पर्श केला तर दोन्ही मिटत नाहीत. डाव्याला केला तर दोन्ही मिटतात. म्हणजे आदेश नेणाऱ्या तारा ठीक आहेत. उजवीकडून खबर नेणारी पाचवी चेता बिघडली आहे. दुसऱ्या रोग्यात कोणत्याही डोळ्याला स्पर्श केला, तरी फक्त डावी पापणी मिटते. त्याच्यात बिघाड कोठे? हे तुम्ही सांगा.

कुष्ठरोगात कधी कधी या दोन्ही चेता दुबळ्या होतात. डोळ्यात कण गेल्याचे कळत नाही आणि पापणीही पुरती मिटत नाही. अशा रोग्यांना मुद्दाम, आठवणीने डोळे मिटण्याचा व्यायाम शिकवतात. जे काम आपला मेंदू आपल्या नकळत रोज हजारो वेळा करतो, ते त्यांना लक्ष देऊन करावे लागते. पापणीची खरी किंमत तेथे कळते.

तुमच्यासाठी दोन गणिते

१. चाकणकडे जाणाऱ्या नाशिक रस्त्यावर एक मोटारसायकल तासाला ५० किलोमीटर वेगाने चालली आहे. चालवणाऱ्याला समोरचे चिलट एक मीटरवर दिसले. पापणीला एकूण १३० मिलीसेकंद लागतात. ती वेळेवर मिटेल का? हेल्मेटची काच खाली का असावी?

२. तुमच्या घरचे कोणी ग्राइंडरवर काम करत असेल, तर त्यांना चाकाचा व्यास आणि मिनिटाचे फेरे विचारा. कडेचा वेग काढा. त्यावरून कण अर्ध्या मीटरवरच्या डोळ्यात किती मिलीसेकंदांत पोहोचेल ते काढा आणि तो आकडा १३० या आकड्याशेजारी लिहून त्यांना दाखवा. ‘चष्मा लावा’ असे त्यांना फलकांवरून पुष्कळदा सांगितलेले असते. हा हिशेब मात्र त्यांच्या स्वतःच्या मशीनचा असेल.

उत्तरे: कापसाच्या कोड्यात बिघाड उजव्या सातव्या चेतेत आहे. पहिल्या गणितात वेग सेकंदाला सुमारे १३.९ मीटर येतो. चिलट ७२ मिलीसेकंदांत पोहोचते, म्हणून पापणी वेळेवर मिटत नाही. दुसऱ्याचे उत्तर तुमच्या घरी आहे.